सांध्यावरचं गाव

मुंबई-पुण्याहून गाडीनं चेन्नईला गेलेल्या कुणालाही अरक्कोणमबद्दल विचारून पाहा. "हो, वाटेत लागतं," एवढंच उत्तर येईल. रेणिगुंट्याला तिरुपतीची मंडळी उतरून गेलेली असतात, डबा निम्मा मोकळा झालेला असतो, उरलेली माणसं पारोशा तोंडानं खिडकीबाहेर बघत बसलेली असतात. ताडाची झाडं, भाताची खाचरं, मधूनच एखादं तळं. मग एकाचे दोन, दोनाचे चार असे रूळ वाढायला लागतात आणि कुणीतरी काका उठून सीटखालची बॅग ओढतात. "अरक्कोणम आलं. आता चेन्नई आलंच." झालं! चादरींच्या घड्या पडतात, चार्जर उपसले जातात, पोरांच्या पायांत बूट चढतात. चेन्नई सेंट्रल तिथून अजून ६९ किलोमीटर लांब असतं, पण ते कुणाच्या गावी नसतं. अरक्कोणमचा उपयोग शाळेच्या घंटेइतकाच. ती वाजली की आवराआवर करायची, घंटेकडे बघत कोण बसतं?

मीही अशीच कित्येक वर्षं आवराआवर केली. चेन्नईत राहायला आल्यावर मात्र एका रविवारी ठरवून उलटा गेलो. सेंट्रलला लागून मूर मार्केट कॉम्प्लेक्स नावाचं लोकलचं स्थानक आहे. १९८५ साली जळालेल्या जुन्या मूर मार्केटच्या जागेवर ते उभं आहे. तिथून सकाळची लोकल धरली. पेरांबूर, अंबत्तूर, आवडी, तिरुवळ्ळूर करत गाडी रमतगमत पश्चिमेला जाते. तिरुवळ्ळूर सुटलं की डब्यातला शहरी आवाज कमी होतो आणि शेतं दिसायला लागतात. पावणेदोन तासांनी ती अरक्कोणमला पोचली तेव्हा समोरच्या फलाटावर चेन्नईकडे जाणारी लोकल उभी होती आणि तिच्यात चढायची झुंबड उडाली होती. मोगऱ्याच्या गजऱ्यांच्या पाट्या, पालेभाजीचे ओल्या फडक्यात बांधलेले भारे, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली कारखान्यातली पोरं. एका बाईनं चुंबळ सावरत पाटी दारातून आत सरकवली, मागोमाग स्वतः चढली आणि खाली बसून लगेच उरलेली फुलं गुंफायला घेतली. बोटं चालू, नजर फलाटावर. गाडी सुटेपर्यंत हातभर माळ झाली होती.

वर घोषणा चालू होती. तमिळमधली ती सुरुवात मला फार आवडते : 'पयणिगळिन् कनिवान कवनत्तिर्कु'. शब्दशः सांगायचं तर 'प्रवाशांच्या कनवाळू लक्षासाठी'. आपल्याकडे प्रवाशांना लक्ष द्यायला सांगतात, इथं आधी त्यांचं लक्ष मायाळू आहे असं गृहीत धरतात.

गावाच्या नावाची गंमत आहे. 'आरु' म्हणजे सहा आणि 'कोणम्' म्हणजे कोन, म्हणून हे षट्कोनी गाव, असं लोक सांगतात. भाषेचे पंडित यावर काय म्हणायचं ते म्हणोत. रूळ मात्र चारच दिशांना जातात : पूर्वेला चेन्नई, उत्तरेला रेणिगुंटा, पश्चिमेला काटपाडी आणि दक्षिणेला कांचीपुरमवरून चेंगलपट्टू. या चार वाटा ज्या बिंदूत मिळतात त्याभोवती गाव साचत गेलं. राणीपेट जिल्ह्यातलं हे नगरपालिकेचं गाव, २०११ च्या जनगणनेत वस्ती पाऊण लाखाच्या थोडी वर. समुद्र नाही, बंदर नाही, मोठी नदी नाही, राजवाडा नाही. देवदर्शनाला आलेलेसुद्धा इथं गाडी बदलतात आणि पुढं तिरुत्तणीच्या मुरुगनकडे नाहीतर शोळिंगरच्या नरसिंहाकडे निघून जातात.

आपल्याकडे दौंड आहे तसं हे. दौंडला राज्य राखीव पोलिसांचा तळ, रेल्वेची वसाहत, आणि मनमाडकडे फुटणारा १८७८ सालचा फाटा. दौंडकरांना आपल्या गावाचं प्रेम नाही असं नाही, पण बाहेरच्याला ते गाव 'इंजिन फिरवायला गाडी थांबते ते' एवढंच माहीत. कुर्डुवाडी, मनमाड, भुसावळ सगळी याच जातकुळीची. अरक्कोणमनं मात्र या धंद्यात जरा जास्तच मजल मारली आहे.

सुरुवात झाली ती १८५६ साली. मुंबई-ठाणे गाडी धावून तीन वर्षं झाली होती. मद्रास रेल्वे कंपनीनं रॉयपुरमपासून अर्काटजवळच्या वालाजा रोडपर्यंत शंभरेक किलोमीटरचा लोहमार्ग पुरा केला आणि १ जुलै १८५६ रोजी दक्षिणेतली पहिली प्रवासी गाडी त्यावरून धावली. रॉयपुरमची खांबांची देखणी इमारत चेन्नईत आजही उभी आहे. बोरीबंदर आणि ठाण्याची मूळ स्थानकं गेली, ही राहिली. त्या पहिल्या मार्गावर अरक्कोणम हे नुसतं वाटेतलं ठिकाण होतं. पुढं तोच मार्ग पश्चिमेला वाढत १८६२ साली मलबार किनाऱ्यावरच्या बेपूरला जाऊन भिडला. म्हणजे मद्रासची गाडी अरबी समुद्राला आधी पोचली, मुंबईला मागाहून.

मुंबईची वाट अवघड होती ती आपल्या बाजूनं. बोरघाट फोडण्यातच वर्षं गेली आणि १८६३ साली तो मोकळा झाला. घाटावरची गाडी १८६० मध्येच सोलापूरला पोचली होती, पण तिथून पुढं रायचूरपर्यंत जायला आणखी अकरा वर्षं लागली. मद्रासवाले समोरून येत होते. त्यांनी आपल्या बेपूरच्या मार्गाला अरक्कोणमला फाटा फोडला आणि रेणिगुंटा, कडप्पा, गुत्ती, गुंतकल करत रायचूर गाठलं. १८७१ साली रायचूरला दोन कंपन्यांचे रूळ जुळले आणि मुंबई-मद्रास सलग प्रवास सुरू झाला. रायचूर हे गाठ पडल्याचं ठिकाण खरं, पण वाट वळली ती अरक्कोणमला. या गावाचं नशीब त्या एका वळणानं ठरवलं.

तिसरी वाट याच्याही आधीची, आणि तऱ्हेवाईक. १८६५ साली इंडियन ट्रामवे कंपनी नावाच्या मंडळींनी अरक्कोणम ते कांचीपुरम असा साडेतीन फूट रुंदीचा मार्ग टाकला. ना ब्रॉडगेज, ना मीटरगेज. हा प्रकार चालला तेवढे दिवस चालला. मग कंपनी दुसऱ्या कंपनीत विरघळून १८७४ मध्ये साउथ इंडियन रेल्वे झाली आणि तिनं तो मार्ग उखडून मीटरगेज केला. त्यामुळं अरक्कोणमला दोन मापांचे रूळ समोरासमोर आले. मिरजेला ज्यांनी ब्रॉडगेजच्या वाघिणीतून मीटरगेजच्या वाघिणीत पोती हलवताना हमालांच्या रांगा पाहिल्या असतील, त्यांना इथं काय चालत असेल ते वेगळं सांगायला नको. माप जुळत नाही म्हणून माल उतरतो, माणूस थांबतो, खानावळ चालते.

मराठी वाचकासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. १९०८ साली मद्रास रेल्वे एका दुसऱ्या कंपनीत मिसळली. ती दुसरी म्हणजे पुणे, मिरज, बेळगाव, लोंडा या बाजूला गाड्या चालवणारी सदर्न मराठा रेल्वे. जोडनाव झालं मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. पुढची त्रेचाळीस वर्षं, १९५१ साली सदर्न रेल्वे होईपर्यंत, अरक्कोणमच्या निम्म्या स्थानकावर 'मराठा' हा शब्द असलेल्या कंपनीचा अंमल होता. मुख्य कचेरी मद्रासला, सेंट्रलच्या शेजारच्या इमारतीत. तंजावरला मराठ्यांनी राज्य केलं ते सगळे सांगतात. हे रुळांवरचं मराठा नाव कुणी सांगत नाही, कारण त्यात लढाई नाही, वेळापत्रक आहे.

लढाई हवी असेल तर तीही जवळच आहे. चेंगलपट्टूच्या वाटेवर तक्कोलम नावाचं छोटं गाव लागतं. इसवी सन ९४९ मध्ये इथं राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि चोळ युवराज राजादित्य यांच्यात मोठी लढाई झाली. राजादित्य हत्तीवर बसल्या जागी मारला गेला. मारणारा राष्ट्रकूटांच्या बाजूचा गंग राजा बूतुग. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्यानं खोदलं त्यातला हा कृष्ण. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मालखेड, वाडी जंक्शनपासून फार लांब नाही. आपली गाडी ज्या अंगानं खाली उतरते त्याच अंगानं हजार वर्षांपूर्वी त्याची फौज उतरली. या लढाईची नोंद कर्नाटकातल्या आतकूरच्या शिळेवर आहे, आणि ती शिळा उभारलीय कुणासाठी? रानडुकराशी झुंजून मेलेल्या 'काळी' नावाच्या शिकारी कुत्र्यासाठी. युवराज मेल्याची बातमी कुत्र्याच्या स्मारकावर! अठराव्या शतकात हैदर अलीच्या फौजाही याच मुलखातून फिरल्या. १७८० ची पोल्लिलूरची आणि १७८१ ची शोळिंगरची, दोन्ही लढाया इथून हाकेच्या नाही तरी पायी पल्ल्याच्या अंतरावर झाल्या. रेल्वेनं फाटा इथं फोडला, पण वाटा इथून जायची सवय जुनीच होती.

आज तक्कोलमला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि २०२५ साली त्याला राजादित्य चोळाचं नाव दिलं गेलं. हरलेल्याचं नाव विजयी फौजेच्या वाटेवर लागलं, हे मला बरं वाटलं.

आता गावातल्या कामाकडे येतो. स्टेशनापलीकडे रेल्वेची इंजिनिअरिंग वर्कशॉप आहे. तिथं पुलांचे लोखंडी गर्डर आणि रुळांचे सांधे बनतात. सांधा ही वस्तू आपण रोज ओलांडतो आणि बघत कधीच नाही. एका मार्गावरून दुसऱ्यावर गाडी वळवायची तर मूळ रुळाला चिकटून जिभेसारखी निमुळती होत गेलेली पोलादाची पट्टी लागते. ती या बाजूला सरकली की गाडी सरळ, त्या बाजूला सरकली की वळण. पुढं जिथं दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथं चाकाची कड जायला फट ठेवावी लागते आणि चाकानं क्षणभर त्या फटीवरून उडी मारल्यासारखं जावं लागतं. स्टेशन जवळ आलं की गाडीचा ठेका बदलून 'खडाड-खडाड' होतो तो याच फटींचा. इथं हजारो टन वजन रोज आदळतं, म्हणून पोलाद इथंच आधी झिजतं आणि सांधे सतत नवे करावे लागतात. फाट्यावर जन्मलेलं गाव दुसऱ्यांसाठी फाटे घडवून देतं. असा योग कादंबरीत आला असता तर संपादकानं 'फार जुळवून आणलंय' म्हणून कापला असता.

शेजारी विजेच्या इंजिनांची शेड आहे. विजेच्या तारा चेन्नईहून टप्प्याटप्प्यानं पुढं सरकत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथं पोचल्या आणि त्यामागोमाग शेड आली. मालगाड्या ओढून दमलेली इंजिनं इथं तपासली जातात, दुरुस्त होतात. पलीकडे एमआरएफचा टायरचा कारखाना. १९७० च्या दशकात कंपनीनं मद्रासबाहेर पाय पसरले तेव्हा अरक्कोणम आणि गोव्यातलं उसगाव अशा दोन्ही ठिकाणी कारखाने काढले. त्यामुळं फोंड्याकडचा एखादा गोंयकार आणि इथला एखादा तमिळ कामगार एकाच नावाचा पगार घेतात. रूळ, इंजिन, टायर. सगळं दुसऱ्याच्या प्रवासाचं.

आणि मग विमानं. समुद्रापासून सत्तरेक किलोमीटर आत, भातशेतीत, भारतीय नौदलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात इथं धावपट्टी होती. तीच वाढवून ११ मार्च १९९२ रोजी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या हस्ते 'आयएनएस राजाळी' सुरू झाला. राजाळी म्हणजे तमिळमध्ये बहिरी ससाण्याच्या जातीचा शिकारी पक्षी. धावपट्टी चार किलोमीटरहून लांब. एवढी लांब कशाला? तर त्याच वर्षी गोव्याच्या दाभोळीहून रशियन बनावटीची टीयू-१४२ विमानं इथं हलवली गेली. चार इंजिनं, प्रत्येकावर एकमेकांच्या उलट फिरणारे दोन-दोन पंखे, आणि पोटात इतकं इंधन की हिंदी महासागरात खोलवर जाऊन पाणबुड्या धुंडाळून परत यावं. दाभोळीच्या आसपास वाढलेल्या माणसांना त्यांचा घुमारा अजून आठवत असेल. अरक्कोणमनं तो पुढं पंचवीस वर्षं ऐकला. २९ मार्च २०१७ रोजी ती निवृत्त झाली. त्यांची जागा घ्यायला पी-८आय विमानं २०१३ पासूनच यायला लागली होती, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये इथं येऊन त्यांची तुकडी देशाला अर्पण केली ती तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांनी, गोव्याच्याच मनोहर पर्रीकरांनी. नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिकही इथंच तयार होतात.

पर्रीकर येऊन गेल्यावर महिनाही झाला नव्हता. १ डिसेंबर २०१५ च्या पावसानं चेन्नई बुडाली. चेन्नई विमानतळाची दुसरी धावपट्टी अड्यार नदीवरूनच जाते. नदी फुगली, विमानतळ तळं झाला आणि ६ तारखेपर्यंत बंद राहिला. तेव्हा अरक्कोणमची नौदलाची धावपट्टी प्रवाशांसाठी खुली केली. ना टर्मिनलची इमारत, ना बॅगांचे फिरते पट्टे. अडकलेल्या लोकांना बसनं इथं आणून विमानात बसवलं. पाहणीसाठी आलेले पंतप्रधानही आधी इथंच उतरले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची चौथी बटालियनही अरक्कोणमचीच. आपली पाचवी पुण्याजवळ आहे, तशी ही. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ उठलं की तमिळ पेपरात 'अरक्कोणमहून पथकं निघाली' हे वाक्य ठरलेलं. गाव स्वतः बातमीत येतं ते अपघातानं. सप्टेंबर २०११ मध्ये जवळच्या चित्तेरीपाशी उभ्या पॅसेंजरवर मागून मेमू गाडी आदळली आणि माणसं दगावली, तेव्हा दोन दिवस अरक्कोणम सगळीकडे होतं.

धावपट्टीनं रेल्वेची मात्र चांगलीच पंचाईत केली. चेंगलपट्टूचा मार्ग तळाला अगदी खेटून जात होता आणि विमानं उतरतात तिथं विजेच्या उंच तारा नकोत, असं नौदलाचं म्हणणं. त्यामुळं चेन्नईहून कांचीपुरममार्गे येणारी विजेची लोकल वर्षानुवर्षं तक्कोलमच्या अलीकडे तिरुमालपूरलाच थांबायची. अरक्कोणम समोर दिसतंय आणि गाडी परत फिरतेय! शेवटी रूळच वळवून तळापासून लांब नेले, तारा ओढल्या आणि २०१९ साली लोकलचं वर्तुळ पुरं झालं. आता चेन्नई बीचहून निघून तांबरम, चेंगलपट्टू, कांचीपुरम, अरक्कोणम असा फेरा मारून लोकल पुन्हा बीचला येते. रिंगण पुरं करायला गाव तयार होतं, अडत होतं ते त्याच्याच दुसऱ्या नोकरीमुळं.

अशी गावं जगात सगळीकडे असतात. आइसलंडसारख्या मासेमारीच्या देशात, जिथं बहुतेक गावं बंदराला चिकटलेली, तिथंही सेल्फॉस नावाचं एक आतलं गाव आहे. राजधानी रेक्याविकपासून पन्नास-साठ किलोमीटरवर. १८९१ साली ओल्फुसाऊ नदीवर झुलता पूल झाला आणि पुलाच्या टोकाला वस्ती जमली. १९२९ साली शेतकऱ्यांची सहकारी डेअरी निघाली. १९४४ मध्ये पूल तुटला तेव्हा त्यावर दुधाचेच ट्रक होते. पुढच्याच वर्षी नवा पूल उभा राहिला, कारण पूल नाही तर गाव नाही. बुद्धिबळपटू बॉबी फिशर त्याच गावाजवळ एका छोट्या चर्चच्या आवारात पुरलेला आहे. विश्वनाथन आनंदच्या चेन्नईत हे कुणालाही सांगा, लगेच कान टवकारतात. अरक्कोणमचं नाव काढलं की मात्र 'हां, लोकल जाते तिथं,' म्हणून विषय बदलतात.

दुपारी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात केळीच्या पानावर दहीभात आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. समोर बसलेला माणूस निळ्या कामाच्या कपड्यांत होता, नखांत काळं वंगण. मी चेन्नईहून फक्त गाव बघायला आलोय म्हटल्यावर त्यानं हातातला घास थांबवला. "इथं?" एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळानं, पान दुमडता दुमडता, "सोमवारी यायचं होतं. रविवारी वर्कशॉप बंद असते."

जेवून फलाटावर परत आलो तेव्हा मुंबईकडून आलेली गाडी उभी होती. खिडकीत एक मराठी कुटुंब. आईनं पोराच्या पायात बूट घातलेले, वडिलांनी दोन बॅगा दारापाशी नेऊन ठेवलेल्या, आणि आजी पर्स छातीशी धरून तयार बसलेल्या. पुढच्या वेळी तुमच्या डब्यात अशी धांदल सुरू झाली तर सांगा त्यांना, बसा, अजून तासाभराची वाट आहे. हे अरक्कोणम आहे, चेन्नई अजून यायचंय.